संगणकाला सडा स्वस्त का वाटतो

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातली कुठलीही दोन गावं घ्या आणि त्यांना जोडणारा रस्ता क्यूजीआयएसला, म्हणजे नकाशांवर काम करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरला, आखायला सांगा. जमीन-आच्छादनाचा फुकट मिळणारा नकाशा, उतार, वस्ती, नद्या, सगळ्यांना आपापली वजनं द्या आणि ‘लीस्ट कॉस्ट पाथ’ हे कमीत कमी खर्चाचा मार्ग शोधणारं साधन चालवा. बहुतेक वेळा रेघ गावातून निघते, सरळ सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, चढते आणि दुसऱ्या गावाच्या डोक्यावर येईपर्यंत खाली उतरत नाही. तिचं चुकतं असंही नाही. सडा सपाट असतो, त्यावर झाडं नसतात, घरं नसतात, बारमाही पाणी नसतं. प्रत्येक निकषावर तो पास. युरोपीय अवकाश संस्थेच्या १० मीटरच्या ‘वर्ल्डकव्हर’ नकाशात तो कुठे गवताळ (वर्ग ३०), कुठे उघडी जमीन (वर्ग ६०) म्हणून पडलेला असतो. उलट आंब्या-काजूच्या बागा त्याच नकाशात वर्ग १०मध्ये, म्हणजे वृक्षाच्छादनात, जंगलाच्याच रंगात दिसतात. परिणामी संगणक काजूची बाग जिवापाड जपतो आणि सड्यावर डांबर ओततो.

जांभ्याच्या या सड्यावर पावसाळ्यात जे उगवतं, त्यातलं बरंच फक्त याच पट्ट्यात सापडतं. बोटभर मातीत येणाऱ्या वनस्पती, उथळ डबक्यांतले बेडूक, आणि मुख्य म्हणजे कातळातल्या भेगांतून मुरून खालच्या वाडीच्या झऱ्याला जाणारं पाणी. शिवाय कातळशिल्पं, जी २०२२पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. यातलं काहीच वर्ग ३० किंवा ६० या आकड्यात बसत नाही.

नकाशे आणि बहुनिकष पद्धती वापरून पर्यावरणाचं भान ठेवणारी आखणी करायची म्हटलं की लोकांचा सगळा वेळ वजनांवर जातो. जंगलाला ४० टक्के द्यायचे की ४५, यावर बैठका होतात. निकाल मात्र तिथे ठरत नाही. जमिनीला नाव काय दिलं, गुणांची पट्टी कुठून कुठपर्यंत ठेवली, आणि कुठल्या गोष्टीचा सौदा करायचाच नाही असं ठरवलं, या तीन जागी तो ठरतो. या लेखाचा रोख तिकडेच आहे.

पद्धत जुनी आहे. १९६०च्या दशकात इयन मॅकहार्ग या भूदृश्यरचनाकाराने न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या एका पार्कवेसाठी (हिरवाईतून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यासाठी) पारदर्शक फिल्मवर एकेक घटक रंगवला. जितका नाजूक तितका गडद. मग फिल्म एकावर एक ठेवल्या आणि जिथून उजेड सर्वात जास्त आला, तिथून रस्ता सुचवला. त्यात वजनांचा प्रश्नच नव्हता. सगळ्या फिल्म सारख्या. आपल्याकडचं याच जातीचं सर्वात गाजलेलं काम म्हणजे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीचा २०११चा अहवाल. तिने घाटाचे साधारण ९ बाय ९ किलोमीटरचे चौकोन पाडले, प्रत्येक घटकाला दहापर्यंत गुण दिले आणि त्यांची सरासरी काढली. धोरण ठरवायला ते पुरेसं. रस्ता आखायला नाही, कारण ८१ चौरस किलोमीटरच्या एका आकड्यात गाव, खाडी, सडा आणि देवराई सगळंच बुडतं. दोन वर्षांनी त्याच विषयावरच्या कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २४ मीटरची उपग्रह प्रतिमा वापरली आणि गाव हे एकक धरलं. चौकोनाचा आकार बदलला की निष्कर्ष बदलतो, हे या दोन अहवालांवरून झालेल्या वादात महाराष्ट्राने चांगलंच अनुभवलं आहे.

थर तयार करताना

सगळे थर, म्हणजे एकेका घटकाचे नकाशे, एकाच प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीत) आणा. कोकण, देश आणि जवळजवळ सगळा मराठवाडा यूटीएम ४३ उत्तर या पट्ट्यात (ईपीएसजी ३२६४३) येतात. ७८ रेखांशाच्या पूर्वेचा विदर्भ, नागपूरसकट, ४४ उत्तरमध्ये. हे न करता डाउनलोड केलेल्या उंचीच्या रास्टरवर (पिक्सेलगणिक एक आकडा असलेल्या नकाशावर) थेट ‘स्लोप’ चालवलं तर आडवं अंतर अंशात आणि उभं मीटरमध्ये मोजलं जातं आणि अख्खा जिल्हा ८९ अंशांचा कडा होतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक पुढची: क्यूजीआयएसचं उताराचं साधन उत्तर अंशांत देतं आणि रस्त्यांचे निकष टक्क्यांत असतात. २५ टक्के म्हणजे सुमारे १४ अंश. कुणी २५ हा आकडा अंश समजून वापरला तर तो प्रत्यक्षात ४७ टक्क्यांच्या उताराला ‘चालेल’ म्हणत असतो.

दुसरी गुपचूप होणारी चूक रास्टरचा आकार बदलताना होते. जमीन-आच्छादनाचे आकडे हे वर्ग आहेत, मोजमाप नाही. ‘बायलिनिअर’ पद्धतीने आकार बदलला तर शेजारच्या आकड्यांची सरासरी निघते. जंगल १०, बांधकाम ५०, सरासरी ३०. म्हणजे गाव आणि राई यांच्यामध्ये एक गवताळ पट्टा तयार होतो, जो जमिनीवर कुठेच नाही, आणि तो स्वस्त असल्यामुळे रस्ता नेमका त्यातून जातो. वर्गांच्या थराला नेहमी ‘निअरेस्ट नेबर’, म्हणजे सर्वात जवळच्या पिक्सेलचाच आकडा. उंचीला बायलिनिअर चालतं.

उंचीसाठी कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचं ३० मीटरचं रास्टर चांगलं आहे, पण ते जमिनीची नव्हे, वरच्या पृष्ठभागाची उंची देतं. दाट झाडीच्या कडेला पंधरा-वीस मीटरची उडी दिसते आणि सपाट राईच्या भोवती नसलेला कडा उभा राहतो. एका परीने राईचं भलंच होतं त्यात, पण योगायोगाने. अशा कडा हाताने तपासा.

पिक्सेलचा आकार सर्वात लहान जपायच्या गोष्टीवरून ठरवा. कोकणातल्या कित्येक देवराया एक हेक्टरच्या आत-बाहेर आहेत. ३० मीटरला एक हेक्टर म्हणजे जेमतेम ११ पिक्सेल, १० मीटरला १००. म्हणून काम १० मीटरवर करा, मात्र ३० मीटरची उंची १० मीटरवर आणल्याने उताराचा तपशील वाढत नाही, हे लक्षात ठेवा. आणि देवराई कुठल्याही तयार थरात पुरेशी सापडत नाही. गावात विचारून, काही ठिकाणी देवस्थानाच्या नावचे सातबारे पाहून, बहुभुज हाताने काढावे लागतात. सड्याचंही तसंच. वर्ग ३० आणि ६० यांतून उतार १० टक्क्यांखालचा आणि आजूबाजूच्या दरीपेक्षा उंच असा भाग गाळून घ्या, तो उपग्रह प्रतिमेवर ताडून पाहा आणि त्याला ‘सडा’ असा स्वतःचा वर्ग द्या. दोन दिवसांचं कंटाळवाणं काम आहे, पण वजनांच्या दहा बैठकांपेक्षा निकाल याने जास्त सुधारतो. देशावर हीच गत माळरानांची आहे. तिथे ‘पडीक’ हा शब्द सड्याइतकाच महागात पडतो.

जुन्या टोपोशीटवरून देवराया किंवा पाणंदी उतरवत असाल तर त्या टोपोशीट एव्हरेस्ट या जुन्या मोजणी-संदर्भावर आहेत हे विसरू नका. डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा संदर्भ) समजून बसवल्या तर सगळं लक्षात येण्याइतकं सरकतं, आणि एक हेक्टरची राई शेजारच्या शेतात जाऊन पडते.

गुण देताना

प्रत्येक थर ० ते १०० या एकाच पट्टीवर आणायचा, १०० म्हणजे सर्वात वाईट. सोपा मोह असा की थरातला सर्वात लहान आकडा ०, सर्वात मोठा १००. उताराला हे लावलं आणि नकाशात एखादा कडा १५० टक्क्यांचा निघाला, की ३० टक्क्यांच्या उताराला फक्त २० गुण मिळतात आणि तो सौम्य वाटू लागतो. पट्टीचे टप्पे रस्त्याच्या शास्त्रातून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेस आडव्या उतारावरून भूभागाचे वर्ग पाडते: १० टक्क्यांपर्यंत सपाट, १० ते २५ चढउताराचा, २५ ते ६० डोंगराळ, ६०च्या वर तीव्र. मी १० टक्क्यांना ०, २५ला ४०, ६०ला १०० धरतो आणि त्यापुढे सगळं १००च.

ही संख्या इतकी चढती का, ते खोदाईच्या हिशेबात दिसतं. १२ मीटर रुंदीचा रस्ता पूर्ण कापून बसवायचा, मागची भिंत उभी धरली, तर दर मीटर लांबीला खोदाई म्हणजे रुंदीचा वर्ग गुणिले उतार भागिले दोन. २५ टक्क्यांवर १८ घनमीटर आणि मागे ३ मीटरची भिंत. ६० टक्क्यांवर ४३ घनमीटर आणि ७.२ मीटरची भिंत. मातीत भिंत उभी राहत नाही, ती तिरकी कापावी लागते, म्हणजे आकडा आणखी वाढतो. एक किलोमीटरला ४३ हजार घनमीटर, आणि खोदल्यावर तो माल सैल होऊन सव्वा ते दीडपट होतो. तो कुठे जाणार? ठेकेदाराच्या सोयीने खालच्या उतारावर. म्हणून डोंगरउतारावरच्या रस्त्याची खरी रुंदी त्याच्या नकाशावरच्या रुंदीपेक्षा कितीतरी जास्त असते आणि खालचा पऱ्ह्या (ओहोळ) पहिल्याच पावसात गाळाने भरतो. हा माल टाकायची जागा हा निकष यादीत सहसा नसतो. तो घाला: प्रत्येक पर्यायासाठी दोन-तीन किलोमीटरच्या आत सपाट, पाण्यापासून दूर, बिनवापराची जागा आहे का? आणि ती जागा म्हणून पुन्हा सडाच पुढे आला तर सावध व्हा.

ओढ्यापासूनच्या अंतरालाही हेच लागू. शंभर मीटरचा पट्टा दोन्ही बाजूंना सारखा काढला जातो, पण ओढ्याच्या वरच्या अंगाला ७० टक्के उतार असेल तर शंभर मीटरवरूनही माल पाण्यात येतो. ७० टक्क्यांवर पट्टा दुप्पट करा, समोरच्या सपाट काठाला निम्मा पुरे.

वजनं: एएचपी आणि तिचे लपलेले खड्डे

थॉमस साटी या गणितज्ञाने १९७०च्या दशकात मांडलेली एएचपी, म्हणजे जोडीजोडीच्या तुलनेतून वजनं काढायची पद्धत, सोपी आहे. निकष जोडीजोडीने घ्या, कोण कोणापेक्षा किती महत्त्वाचा ते १ ते ९मध्ये सांगा. समजा चार निकष: अधिवास, उतार-दरड, पाणी, वस्ती-शेती. अधिवास उतारापेक्षा २, पाण्यापेक्षा ३, वस्तीपेक्षा ४. उतार पाण्यापेक्षा २, वस्तीपेक्षा ३. पाणी वस्तीपेक्षा २. उलट दिशेला त्यांचे व्यस्त. प्रत्येक ओळीच्या चार आकड्यांचा गुणाकार करून चौथं मूळ काढा: २.२१, १.३२, ०.७६, ०.४५. बेरजेने भागा, वजनं मिळतात: ०.४६७, ०.२७८, ०.१६०, ०.०९५. सुसंगततेचं गुणोत्तर (तुलना एकमेकींशी किती विसंगत आहेत याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) इथे ०.०१च्या आसपास येतं, मर्यादा ०.१० आहे, म्हणजे उत्तीर्ण. हे सगळं स्प्रेडशीटमध्ये पंधरा मिनिटांत होतं, वेगळं सॉफ्टवेअर नको.

आता खड्डे. कुणी म्हणालं, जंगल पाण्यापेक्षा तिप्पट, पाणी वस्तीपेक्षा तिप्पट, आणि वस्ती जंगलापेक्षा तिप्पट. गोल गोल. या तीन निकषांचं गणित केलं तर प्रत्येकाला नेमके ३३ टक्के मिळतात. गुणोत्तर पाहिलं नाही तर वाटतं की काय छान समतोल साधलाय. प्रत्यक्षात गुणोत्तर १.१५ आहे, मर्यादेच्या अकरा पट, आणि समतोल वगैरे काही नाही, नुसता गोंधळ आहे. अहवालात समान वजनं दिसली की मूळ तक्ता मागून घ्या.

अनेक माणसांची मतं एकत्र करताना साधी सरासरी घेऊ नका. वनखात्याचा माणूस म्हणतो अधिवास वस्तीपेक्षा ५ पट, सरपंच म्हणतात १/५. साधी सरासरी २.६, म्हणजे अधिवास वरचढ. तोच प्रश्न उलटा विचारून सरासरी घ्या, पुन्हा २.६, आता वस्ती वरचढ. प्रश्न कुठून विचारला यावर निकाल! भौमितिक सरासरी घ्या, ती १ येते, दोन्ही दिशांनी. अर्थात १ आलं म्हणजे एकमत झालं असंही नाही. दोन टोकं आहेत, ती टोकं म्हणूनच अहवालात लिहा आणि दोन्ही वजनांनी नकाशा वेगवेगळा काढा. कित्येकदा रेघ दोन्हीत तीच येते आणि भांडण आपोआप मिटतं.

सुसंगतता म्हणजे बरोबर असणं नव्हे, हेही कुणी बोलत नाही. ०.०१ गुणोत्तर मिळवून धडधडीत चुकीची वजनं देता येतात.

आणि एकाच गोष्टीचे तीन थर. ‘वृक्षाच्छादन’, ‘जंगलापासून अंतर’, ‘जैवविविधता’ असे तीन निकष घेतले की जंगलाला तिप्पट वजन मिळतं, आणि सड्याला तिन्हीत शून्य. थर आपापसात पडताळा, सहसंबंध ०.८च्या वर गेला तर दोन्ही एकात मिळवा.

बेरजेत काय हरवतं

वरची वजनं घेऊन दोन पिक्सेल मोजू. पहिला देवराईतला: अधिवास १००, उतार ५, पाणी १०, वस्ती ०. एकूण साधारण ४९.७. दुसरा झुडपी डोंगरउतार: अधिवास ४०, उतार ८०, पाणी ५०, वस्ती २०. एकूण ५०.८. म्हणजे देवराई स्वस्त! अधिवासाला सर्वाधिक वजन दिलं, देवराईला शंभरपैकी शंभर दिले, तरी बाकीच्या तीन निकषांनी तिचा भाव पाडला. भारित बेरीज हा सौदा आहे; एकीकडचं नुकसान दुसरीकडच्या फायद्याने भरून निघतं असं ती गृहीत धरते. ज्यांचा सौदा करायचा नाही त्यांना बेरजेत घालूच नका. देवराई, कातळशिल्पांची जागा, खारफुटी, पिण्याच्या पाण्याचा झरा आणि त्याच्या वरचा मुरण्याचा भाग यांना सरळ ‘नोडेटा’ करा. तिथून रेघ जाऊच शकत नाही.

पण हात सैल सोडून नोडेटा वाटायचं नाही. सगळे ओढे बंद केले तर रस्त्याला पलीकडे जाता येत नाही आणि मार्गच सापडत नाही, किंवा ओढ्याच्या उगमाला वळसा घालणारी हास्यास्पद रेघ मिळते. ओढा महाग ठेवा, बंद नको. आणि जिथे दोन्ही काठ पक्क्या कातळाचे आहेत तिथे थोडा स्वस्त, म्हणजे पूल तिथे बसतो.

बंद केलेली सीमा गळते, ही आणखी एक कटकट. अरुंद खाडी किंवा वन्यजीवांचा कॉरिडॉर एका पिक्सेलच्या रुंदीने तिरका रंगवला तर मार्ग आठ दिशांनी चालत असल्यामुळे दोन पिक्सेलच्या कोपऱ्यांमधून आरपार निसटतो. व्हेक्टरचं (रेषा-बहुभुजांच्या नकाशाचं) रास्टर करताना ‘ऑल टच्ड’, म्हणजे स्पर्श झालेला प्रत्येक पिक्सेल धरायचा पर्याय चालू ठेवा किंवा आधी दीड पिक्सेलचा बफर (भोवतीचा पट्टा) द्या.

खर्च कुठेही शून्य नको. शून्य खर्चाच्या पिक्सेलवर रेघ हवी तितकी भटकते, कारण फुकटच आहे. किमान १ ठेवा.

आता मुख्य मुद्दा, पट्टीच्या दोन टोकांचं गुणोत्तर. खर्च १ ते ५ असेल तर एक किलोमीटर सडा ओलांडण्याऐवजी संगणक पाच किलोमीटरपर्यंत वळसा घेईल. १ ते ९ असेल तर नऊ. १ ते १०० असेल तर शंभर. वजनं तीच, थर तेच, रस्ता वेगळा. आणि भारित बेरीज हे गुणोत्तर न सांगता कमी करते: प्रत्येक थर ० ते १०० असला तरी चार थरांची बेरीज क्वचितच १५च्या खाली किंवा ७०च्या वर जाते, म्हणजे खरं गुणोत्तर चार-पाचवर येऊन बसतं. कुणीही ठरवलेलं नसतं, पण तेच निर्णय घेतं.

म्हणून मला एएचपीच्या जोड्यांपेक्षा एक साधा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो: एक किलोमीटर सडा वाचवायला किती किलोमीटर जादा रस्ता चालेल? हे शेतकऱ्याला कळतं, अभियंत्याला कळतं, आमदारालाही कळतं. उत्तर चार आलं तर गुणोत्तर पाच ठेवा, सड्यावरचा तो एक किलोमीटर अधिक जादा चार. जादा लांबीचीही पर्यावरणाला किंमत आहे, ती त्यांच्यासमोर मांडा. समजा रोज १,००० गाड्या आणि चार किलोमीटर जादा: वर्षाला १४.६ लाख गाडी-किलोमीटर. सरासरी १५ किलोमीटर प्रति लिटर धरलं तर सुमारे ९७ हजार लिटर, डिझेलच्या हिशेबाने २६० टन कार्बन डायऑक्साइड, दरवर्षी. सडा एकदाच जातो, धूर रोज होतो. दोन्हींचा हिशेब समोर असला की लोक चार म्हणतात की दोन, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

घाट आला की

लीस्ट कॉस्ट पाथ घाटात फारसा भरवशाचा नाही. जमिनीचा उतार आणि रस्त्याचा चढ या वेगळ्या गोष्टी आहेत. समतल रेषेने जाणारा रस्ता ६० टक्क्यांच्या उतारावरही सपाट असतो. खर्च होतो तो कापण्याचा. डोंगराळ भागात नियामक चढ, म्हणजे रस्त्याला एरवी चालणारा जास्तीत जास्त चढ, ५ टक्के धरतात. सह्याद्रीची ६०० मीटरची भिंत ५ टक्क्यांनी चढायची तर १२ किलोमीटर रस्ता लागतो, नकाशावर सरळ अंतर दोन-तीनच असलं तरी. संगणकाची रेघ मात्र त्या दोन-तीन किलोमीटरमध्ये वर जाऊन मोकळी होते. १० मीटरच्या पिक्सेलवर ५ टक्के म्हणजे अर्धा मीटर चढ, आणि उंचीच्या रास्टरमधली चूकच काही मीटरची. पिक्सेलगणिक चढ मोजणं म्हणून निरर्थक आहे. निदान ४०० मीटरच्या तुकड्यावर मोजा. ग्रास या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं ‘आर.वॉक’ वापरायचा मोह आवरा, ते पायी चालण्याच्या वेळेवर बांधलेलं आहे.

व्यवहारात असं करतो: रेघ नको, पट्टा काढा. ग्रासचंच ‘आर.कॉस्ट’, जे एका जागेपासून प्रत्येक पिक्सेलपर्यंतचा साठत जाणारा खर्च काढतं, दोनदा चालवा, एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून. दोन्ही रास्टरांची बेरीज करा. प्रत्येक पिक्सेलला त्यातून जाणाऱ्या सर्वोत्तम मार्गाचा एकूण खर्च मिळतो. किमान खर्चाच्या ५ टक्क्यांच्या आत येणारे पिक्सेल रंगवा. बहुधा एकाऐवजी दोन किंवा तीन वेगळे पट्टे दिसतात, आणि त्यांत घाटाची आखणी माणूस समतल रेषा बघून हाताने करतो. दरडीसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा १:५०,०००चा दरडप्रवणतेचा नकाशा भूकोश पोर्टलवर आहे, तो पट्टा निवडायला चालतो. वळण कुठे घ्यायचं हे ठरवायला त्याचं प्रमाण अपुरं आहे.

पर्यायांची तुलना आणि बुजगावणं

पट्ट्यांतून निघालेले पर्याय तक्त्यात मांडताना एक पर्याय आधी लिहा: नवा रस्ता नाही, आहे तो दुरुस्त करून मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटा) वाढवायच्या. २००६च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग येतात, जिल्हा मार्ग नाहीत, त्यामुळे खालच्या दर्जाच्या रस्त्यांना हा प्रश्न विचारायला कायदा भाग पाडत नाही. आपणच विचारावा लागतो.

क्रम लावण्याची चलाखी कशी होते ते पाहा. पर्याय क: १२ हेक्टर अधिवास जातो, ३ लाख घनमीटर खोदाई. पर्याय ख: २० हेक्टर, १.८ लाख. अधिवासाला ०.६, खोदाईला ०.४. सर्वात चांगल्याला १, सर्वात वाईटाला ० अशी पट्टी लावली तर ‘क’ला ०.६, ‘ख’ला ०.४. क जिंकला. आता तक्त्यात पर्याय घ घाला: ६० हेक्टर, २.५ लाख. कुणीही निवडणार नाही असा पर्याय. पण त्याच्यामुळे अधिवासाची पट्टी १२ ते ६० अशी ताणली गेली. ‘क’ला पुन्हा ०.६. ‘ख’ला अधिवासाचे ०.८३ गुणिले ०.६ म्हणजे ०.५, अधिक खोदाईचे ०.४, एकूण ०.९. ख जिंकला! क आणि ख यांच्यात काहीच बदललं नाही, फक्त शेजारी एक बुजगावणं उभं केलं. अहवालात एखादा भलताच वाईट पर्याय दिसला की तो का घातलाय हे विचारा, आणि तो काढून गणित पुन्हा करा. टॉप्सिस ही क्रम लावायची दुसरी पद्धत वापरली तरी यातून सुटका नाही, तीही पर्यायांच्या संचावर अवलंबून असते. उपाय एकच: पट्टीची टोकं पर्याय ठरण्याआधी, बाहेरून ठरवून लिहून ठेवायची.

संवेदनशीलतेची चाचणी शेवटची औपचारिकता म्हणून नव्हे, निकाल म्हणूनच दाखवा. प्रत्येक वजन ३० टक्के कमी-जास्त, खर्चाच्या पट्टीचं गुणोत्तर ३पासून १२पर्यंत, असं यादृच्छिक बदलत पाचशे वेळा मार्ग काढा. क्यूजीआयएसच्या पायथन कन्सोलमधून रात्रभर चालतं. प्रत्येक पिक्सेल किती वेळा मार्गात आला ते रंगवा. जिथे पाचशेपैकी साडेचारशे रेघा एकत्र येतात तो भाग वादातीत आहे. जिथे त्या फाटतात तिथे कुणीतरी पायी जायला हवं.

आणि पायी जायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये. मे महिन्यात सडा वर्ग ६०च दिसतो, उघडी जमीन. पऱ्हे कोरडे असतात, मोरी कुठे हवी ते कळत नाही, आणि ९०० मिलिमीटरची पाइपमोरी पुरेल असं वाटतं. पावसात सड्यावरचं पाणी पसरट वाहतं, एका जागी जमत नाही. रस्त्याचा अर्धा मीटर भराव त्याला बांधासारखा अडवतो, वरच्या अंगाला तळं होतं, खालच्या अंगाचे झरे आटतात. अशा ठिकाणी मोठी मोरी एक घेण्याऐवजी लहान मोऱ्या दर ३०-४० मीटरवर लागतात, किंवा भरावाच्या तळाला मोठ्या डबराचा पाझर थर. गुराख्यांना सोबत घ्या. पाणी कुठून कुठे जातं, कातळावरची चित्रं कुठे आहेत, कुठल्या डबक्यात गुरं शेवटपर्यंत पाणी पितात, हे त्यांना पाठ असतं. जीपीएस बिंदू घेऊन आल्यावर थर दुरुस्त करा आणि सगळं गणित पहिल्यापासून पुन्हा चालवा. सड्याचा बहुभुज नुसता निकालाच्या नकाशावर रंगवून भागत नाही.

ग्रामसभेत नेताना नकाशा १:१०,०००वर छापा, वाड्यांची नावं मोठ्या अक्षरात, उंचीच्या रेषा फिक्या. पाचशे रेघांपैकी किती कुठून गेल्या त्या टक्केवारीचा नकाशा तीनच रंगांत. सोबत एका पानावर पट्टीची टोकं, गुणोत्तर, बंद केलेल्या जागांची यादी आणि ती कुणी सांगितली याची नोंद. यादीत नसलेली राई कुणीतरी तिथेच दाखवतं. ती पेनाने नकाशावर काढून घ्या आणि फोटो काढून ठेवा.